ओढ्यापलीकडचा हाडोळा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मैनावहिनी येऊन गेली. चिंचवेढ्याहून नांदगाव, तिथून एसटीने नाशिक, आणि दोन तासांत परत. नीट जेवलीसुद्धा नाही.

चुलतभावाची बायको. गेल्या वर्षी गावची सरपंच झाली – जागा राखीव निघाली म्हणून. परवाच्या सव्वीस जानेवारीला झेंडा मात्र शेखर इनामदारांनी फडकवला. वहिनीने फुलांचं ताट धरलं. ग्रामसेवक म्हणाला म्हणे, सरकारांचा मान आहे, जुनी पद्धत आहे. गाव अजून त्यांना ‘सरकार’च म्हणतं. राजा गेला, इंग्रज गेला, इनामं कायद्याने गेली. सरकार आहेतच.

ती आली होती मसणवाटेच्या रस्त्यासाठी. आमच्या बौद्धवस्तीची दहनाची जागा ओढ्यापलीकडे. दोन वर्षांपूर्वी इनामदारांनी तिथे डाळिंब लावलं, तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप. गेल्या ऑगस्टात मोठे बाबा गेले – माझे थोरले चुलते, वहिनीचे सासरे. ओढ्याला पाणी, फाटक बंद. शेवटी डांबरी रस्त्याच्या कडेला चिता रचली. लाकडं ओली होती. ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. वहिनी सगळा वेळ पदराने धूर बाजूला सारत होती, जणू आत निजलेल्या माणसाला त्रास होऊ नये.

पाऊस लागायच्या आत रस्ता झाला पाहिजे, म्हणते. पण इंजिनिअर म्हणाला, सातबारा इनामदारांचा आहे, तिथे ग्रामपंचायत एक दगड टाकू शकत नाही. वस्तीतली म्हातारी माणसं सांगतात, ती जमीन आपली होती. कागद कुणाकडे नाही.

“पिंकी, तू ते जुनं वाचतेस ना? मग आमचं बी कुठं लिहिलेलं हाय का, तेवढं बघ.”

बघते म्हटलं. काय बघणार, कुठे बघणार!

४ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. म्हणाले, गावाचं गावाला बघू दे. टीव्हीचा आवाज वाढवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर मोडी. सध्या कामाला तोटा नाही, सगळ्यांना आपापली कुणबी नोंद हवी आहे. कॉलेजात तासाच्या बोलीवर इतिहास शिकवते, पण घर चालतं ते या कागदांवर. पंचवटीतल्या वाचनालयाने मागची खोली दिली आहे, लोक तिथे कागद घेऊन येतात.

आज एका मुलाच्या पणज्याची नोंद सापडली. मुलगा रडायला लागला. मला आनंद झाला आणि मग बराच वेळ काहीतरी टोचत राहिलं. त्यांचा पणजा कागदावर नावाने आहे. बापाचं नाव, शेताचं नाव, बैल किती. आमची माणसं दिसतात ती अशी – ‘महार असामी दोन, लाकडं वाहावयास.’ ‘महार असामी चार, वेठीस.’ बारा वर्षं मी हे वाचते आहे. एका तरी असामीचं नाव असावं!

१६ फेब्रुवारी, रविवार

आज खुद्द शेखर इनामदार आले वाचनालयात. मला वाटलं वहिनीचं कळलं. तसं नव्हतं. घराण्याचा ग्रंथ काढायचा आहे, सनदेचं लिप्यंतर हवंय, कुणीतरी माझं नाव सुचवलं.

साठीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, फार मऊ बोलणं. आधी “मॅडम, तुम्ही”. मग आडनाव विचारलं. पगारे म्हटलं.

“कुठले पगारे?”

“चिंचवेढ्याचे.”

“अरे! म्हणजे केरूची नात तू.”

एवढंच. आवाज तितकाच मऊ. केरू म्हणजे माझे आजोबा, वारले तेव्हा पंच्याऐंशीचे होते. ‘तुम्ही’चं ‘तू’ कुठे झालं ते त्यांना कळलंसुद्धा नसेल. उलट खूश झाले – आपल्या गावची पोरगी एवढी शिकली, बरं वाटलं म्हणाले. चहा मागवला तर म्हणाले, नको, आत्ताच झालाय.

मूळ सनद घरी भिंतीवर आहे. त्यांनी दिनदर्शिका दिली. दरवर्षी घराण्याची दिनदर्शिका छापतात, वर सनदेचा मोठा फोटो, आणि गावात घरटी एक वाटतात. मोठ्या बाबांच्या घरात ती मी चांगली पाहिली आहे. दुधाचा खाडा त्यावर लिहितात.

१७ फेब्रुवारी

वाचली. तीनदा वाचली. भिंग घेऊन परत वाचली.

नेहमीचाच मजकूर. इनामदारांचा पूर्वज लढाईत पडला, म्हणून राजाने मौजे चिंचवेढे हा गाव त्याच्या मुलाला दिला. झाडं, पाणी, दगड, गवत यांसकट. पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने. आणि मग, सातव्या ओळीत – ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून, व पूर्वेस ओढ्यापलीकडील महारांचा हाडोळा खेरीज करून.’

खेरीज! म्हणजे तो सोडून!

हाडोळा म्हणजे गावकीच्या कामासाठी महारांना दिलेली जमीन. राजाने गाव दिला तेव्हा ओढ्यापलीकडचा तुकडा दिलाच नाही. तो आधीपासून आमचा होता. त्यांच्या भिंतीवर, काचेच्या आत, राजाच्या शिक्क्याखाली लिहिलेलं आहे. आणि वस्तीतल्या प्रत्येक घरात ते टांगलेलं आहे, खाली खाडे मांडलेले.

वहिनीला फोन केला. तिने ती ओळ पूर्ण ऐकली. मग म्हणाली, परत वाच.

पुढची ओळ मी तिला वाचून दाखवली नाही. ‘महारांनी मेली ढोरें ओढावीं, सरकारवाड्याची वेठ करावी, हुजत न करावी, केलिया हाडोळा जप्त करावा.’ म्हणजे हक्क हवा तर हाच कागद पुढे करायचा. आम्ही मेलेली ढोरं ओढत होतो म्हणून ही जमीन आमची, असं सांगायचं. आमच्याकडे दुसरा कागदच नाही. राजाने एका कागदात एकाला गाव दिलं आणि त्याच कागदात आम्हाला त्या गावाला देऊन टाकलं. पावणेतीनशे वर्षं झाली. शाई अजून काळी आहे.

२१ फेब्रुवारी

लिप्यंतर इनामदारांना पाठवलं. एक शब्द गाळला नाही. त्यांचं उत्तर – फार सुंदर काम झालं. मला वाटतं, त्यांनी पहिल्या चार ओळीच वाचल्या.

५ मार्च

वहिनीने तालुक्याला अर्ज टाकला. तिचे वकील केदारे म्हणतात, केस बरी आहे. हाडोळ्यासारखी वतनाची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय दुसऱ्याकडे जातच नाही.

बाबांनी विचारलं, अर्जात कुणाकुणाची नावं आहेत. वस्तीतल्या सगळ्यांची, म्हटलं. जेवण अर्धं टाकून उठले. त्यांना या सगळ्याचा एवढा राग का, कळत नाही. अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं युनियनमध्ये होते, गेट मीटिंगला मालकाचं नाव घेऊन बोलायचे. पण गाव म्हटलं की तोंड मिटतात. मोठ्या बाबांच्या मयतीलासुद्धा गाडीतून उतरले नाहीत. सख्खा भाऊ.

१५ एप्रिल, मंगळवार

पहिली सुनावणी. हरलो म्हणायला हरकत नाही.

काल जयंतीचा दिवस, वस्तीची माणसं अजून निळ्या फेट्यांत होती. सगळे उमेदीने आले होते. वकिलांनी सनद वाचली. तहसीलदार साहेबांनी शांतपणे ऐकलं. ढोरांची ओळही मोठ्याने वाचली गेली. मी मान खाली घातली. मागे कुणीतरी खाकरलं.

मग इनामदारांच्या वकिलांनी एक कागद काढला. सन १९६३चा. केरू पगारे, महार समाजातील वडीलकीच्या नात्याने, ओढ्यापलीकडील जमीन ‘राजीखुशीने’ सोडून देत आहेत, त्यावर समाजाचा हक्क राहिला नाही. मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य. खाली अंगठा. दोन साक्षीदार, दोघेही मेलेले.

साहेब म्हणाले, साठ वर्षं कुणी हरकत घेतली नाही. तुमच्याच आजोबांनी दिली आहे.

बाहेर आल्यावर वस्तीतल्या कुणी मला दोष दिला नाही. पण परतीच्या गाडीत माझ्याशेजारची जागा रिकामी राहिली. वस्तीतली म्हातारी शकुबाई तेवढी म्हणाली, “केरूबाबा असं करणारा नव्हता. पण सरकारापुढं कोण काय होता, काय नव्हता!”

केदारे वकील म्हणाले, एकच फट आहे. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मग हे लिहिलं कुणी? लिहिणाऱ्याचं नाव कागदावर नाही, एरवी असतं. तो माणूस जिवंत सापडला आणि म्हणाला की केरूंना मजकूर वाचून दाखवलाच नव्हता, तर हा कागद टिकत नाही. पण साठ वर्षांनी कुठे सापडणार, असं म्हणून त्यांनीच फाइल बंद केली.

१६ एप्रिल

कॉलेजला गेले नाही. इनामदारांचा मेसेज – गैरसमज नसावा, रस्ता लागला तर अडीनडीला फाटक उघडून देऊ, फक्त आधी सांगत चला.

आधी सांगत चला. माणूस मरायच्या आधी!

२ मे, शुक्रवार

त्या कागदाची नक्कल मिळाली. टेबलावर ठेवली आणि बघत बसले.

देवनागरी आहे, मोडी नाही. पण शिरोरेषा मोडीसारखी – आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग रेघ, आणि अक्षरं मागाहून तिला टांगलेली. शब्दाशब्दांत रेघ तुटतच नाही. ‘ळ’ला एक गाठ जास्त. असं आता कुणी लिहीत नाही. मी आयुष्यात एकाच माणसाला असं लिहिताना पाहिलं आहे.

तो माणूस बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत बसला होता.

स्वयंपाकघरात किराण्याची यादी होती, ती आणून शेजारी ठेवली. गूळ, डाळ, तेल. ‘डाळ’मधला ‘ळ’. माझा पोटापाण्याचा धंदा हाच आहे, अक्षर ओळखणं. या वेळी चूक व्हावी म्हणून दुपारभर प्रयत्न केला. नाही झाली.

३ मे

बाबांना काही विचारलं नाही. नक्कल टेबलावरच होती.

४ मे, रविवार

सकाळी चहा घेताना बाबाच बोलले. ती नक्कल त्यांनी वाचलेली होती.

तेव्हा ते अकरा वर्षांचे, चौथीत. वस्तीत शाळेत टिकलेला पहिलाच मुलगा. जुन्या वळणाचे मास्तर होते, ते मोडी जाणणारे, त्यांनी सलग रेघेची सवय लावली. एक दिवस थोरल्या सरकारांनी – शेखरचे वडील – आजोबांना बोलावून घेतलं, पोरालाही घेऊन ये म्हणाले. वाड्याच्या ओट्यावर गावची चार मोठी माणसं बसलेली. आजोबा खाली अंगणात उभे.

थोरले सरकार म्हणाले, केरूचा पोरगा लिहितो म्हणे, दाखव बघू. आणि त्यांना ओट्यावर यायला सांगितलं. आमच्यातलं तोवर त्या ओट्यावर कुणी चढलेलं नव्हतं. पाच पायऱ्या. बाबांनी त्या मोजल्या होत्या. बसायला पोतं दिलं, दौत-टाक दिला, आणि सरकार सांगत गेले तसं बाबा लिहीत गेले.

“राजीखुशीने म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मी विचार करत होतो, राजी ऱ्हस्व की दीर्घ.”

कुणी वाचून दाखवलं नाही. लिहून झाल्यावर सरकारांनी कागद वर धरला, बाकीच्यांना दाखवला, अक्षर बघा म्हणाले. सगळ्यांनी वाहवा केली. आजोबांना पुढे बोलावलं, अंगठ्याला शाई लावली. आजोबा कागदाकडे बघत नव्हते. बाबांकडे बघत होते. हसत होते.

“त्याला वाटलं, आपलं पोरगं लिहितंय, म्हणजे त्यात वाईट काय असणार.”

घरी जाताना आजोबांनी त्यांना खांद्यावर घेतलं. अकराच्या मुलाला! वाटेत पुन्हा पुन्हा म्हणाले, माझ्या धोंडीरामाने सरकारांचा कागद लिहिला. महिन्याभराने ओढ्यापलीकडे मसणवाट सोडून सगळीकडे इनामदारांचा नांगर लागला, तेव्हा त्या दोघांना कळलं काय लिहिलं होतं ते. आजोबा बाबांना एका शब्दाने बोलले नाहीत, फक्त शिकायला नाशिकला पाठवून दिलं. पुन्हा गावात राहायला बोलावलं नाही. वस्तीला सरकारांनी जमीन घेतली एवढंच ठाऊक राहिलं. कागद झाला होता, आणि तो कुणाच्या हातचा, ते आजोबांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

हे सांगून बाबांनी कप विसळला, पालथा घातला. घरातला पहिला लिहिणारा माणूस, आणि पहिलंच लिहिलं ते हे. त्यामुळे ते शिकले, त्यामुळे मी शिकले, मी शिकले म्हणून ते अक्षर मला ओळखता आलं. मी हे कुणाला समजावून सांगू शकत नाही. स्वतःलाही नाही.

७ मे

वकिलांना कळवलं. ते खुर्चीत पुढे सरकले. वडिलांनी एवढंच सांगावं – मी लहान होतो, मी लिहिलं, माझ्या वडिलांना वाचून दाखवलं नाही. बस.

बाबा नाही म्हणाले.

९ मे

नाहीच म्हणाले. मी वाटेल तसं बोलले. मोठ्या बाबांचा विषय काढला. रस्त्याच्या कडेची चिता, ट्रकवाले, सगळं. काढायला नको होता. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

विहारातून परत येताना वाटेत रिक्षात म्हणाले, येतो मी. तारीख काय आहे?

१ जून

बाबा रोज सकाळी साक्षीची वाक्यं म्हणतात. आरशापुढे, दाढी करताना. माझं नाव धोंडीराम केरू पगारे. तो कागद मी लिहिला. माझ्या वडिलांना वाचून दाखवला नाही. आवाज खणखणीत. युनियनमधला. मैनावहिनीला फोनवर ऐकवलं, ती रडली.

ढग यायला लागलेत. वहिनीच्या वस्तीत दोन म्हातारी माणसं आजारी आहेत. ती रोज दोघांच्या घरी जाते, आणि मला म्हणते, आपण कशासाठी जातो याची आपल्यालाच लाज वाटते.

९ जून, सोमवार

उद्या तारीख. बाबांनी पांढरा सदरा इस्त्री करून ठेवलाय. मला पहिल्यांदाच वाटतंय, होईल.

१० जून, मंगळवार

साहेबांनी बाबांना वय बघून खुर्ची दिली. बाबांनी नाव सांगितलं. तो कागद मी लिहिला, म्हणाले. वस्तीतली चाळीस माणसं मागे श्वास धरून उभी. एवढ्यात शेखर इनामदार आत आले, उशीर झाला म्हणून माफी मागत. बाबांपेक्षा तेरा वर्षांनी लहान.

बाबा उठले. हात जोडले. चप्पल पायातून कधी निघाली, मी पाहिलं नाही.

साहेबांनी विचारलं, मजकूर वडिलांना वाचून दाखवला होता का?

“दाखवला होता साहेब. राजीखुशीने दिली.”

परतीच्या गाडीने चांदवड सोडलं. मग बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “मी उठलो ते मला कळलंच नाही गं.”